वन्संचे बारा बाण

३ मार्च
वन्संनी बाराच्या बारा बाण परत पाठवले! मी हाताने तासून, घासून, पिसं चिकटवून केलेले! निरोप यांच्याकडून — "ताई म्हणते हलके आहेत. सोडला की हाताला झिणझिण्या येतात."
महिन्याभरात धनुर्विद्या क्लबच्या संघाची निवड. वन्सं गेली नऊ वर्षं संघात. यंदा हुकल्या की खापर माझ्याच डोक्यावर. मनात म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. तोंडाने म्हटलं, "बरं."

५ मार्च
एक बाण अठ्ठावीस ग्रॅम. हवा चौतीस. मागच्या बाजूला, पिसांपाशी भोक पाडणं सोपं. तिथेच तांब्याची तार ठोकली. काट्यावर चोख चौतीस! स्वतःवरच खूश.

६ मार्च
अरे देवा! वन्संनी आपलं धनुष्य माझ्याच हातात दिलं — "तू सोडून दाखव." बाण शेपूट हलवत आडवाच गेला, तो थेट क्लबच्या माळ्याच्या टोपलीत. माळी म्हणतो, "वहिनी, मी काय केलंय तुमचं?" वन्सं खुर्चीत पोट धरून हसत होत्या. "अगं, वजन पुढे हवं, पुढे! सुतारकाम करतेस ना तू?"
तार उपसताना दोन बाण चिरले. पुन्हा करायचे.

९ मार्च
आता पुढून भोक, आत खिळ्याचा तुकडा, वर टोक. सरळ जातात. पण वन्सं! "काट्याचं मला सांगू नकोस. तुझ्या हातून नीट लागले की मगच मी हात लावीन." म्हणजे घडवायचे मी, सोडायचेही मी, आणि या खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकणार. "कोपर वर!" "श्वास सोड!" "घाई कसली?"

१४ मार्च
बाण सोडून सोडून हात भरून आले.

१९ मार्च
जड बाण लवकर खाली येतो, नेम जरा वर धरायचा. आज हाताला कळलं. बारापैकी सात लागले! तरी वन्संचं आपलं, "अजून तेल पाज." जवसाच्या तेलाचे आणखी तीन हात. जेवणाच्या टेबलावर ओळीने वाळत ठेवलेले बाण बघून हे विचारतात, "आज हेच वाढणार का?"

२६ मार्च
बारापैकी अकरा!! आणि बाराही चौतीस ग्रॅम. नेऊन वन्संच्या पुढ्यात ठेवले. "घ्या! आता काढा खोट." एकेक तळहातावर तोलला. बराच वेळ. मग म्हणाल्या, "खोट नाही." इतक्या वर्षांत पहिल्यांदा! बाण मात्र नेले नाहीत. "राहू देत तुझ्याकडेच."

३ एप्रिल
क्लबच्या फळ्यावर यादी लागली. निवडीला वन्सं नाहीत. मी आहे! नाव वन्संनीच दिलेलं.
तडक त्यांच्या घरी गेले, भांडायलाच. त्यांनी डावा हात उचलून दाखवला. खांद्याच्या वर जाईना. डॉक्टरांनी फेब्रुवारीतच धनुष्य बंद केलंय. "सरळ सांगितलं असतं, तर हातात घेतलं असतंस?"
नसतंच घेतलं.