शेजारच्या दाराचा वाटा

आप्पा,

शेजारच्या आंटी काल घर सोडून मुलाकडे याच शहरात क्वीन्सटाउनला राहायला गेल्या. निघण्याआधी त्यांनी तुमचा स्टीलचा डबा घासून लख्ख करून परत आणून दिला. इतक्या वर्षांत त्यांच्याकडून तो पहिल्यांदाच रिकामा आला. डबा देता देता दारात उभं राहून त्या अगदी सहज एक गोष्ट बोलून गेल्या, आणि मला कालपासून स्वस्थ बसवत नाही. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. या विषयावर मी तुमच्याशी मनातल्या मनातसुद्धा कधी बोलले नव्हते, कारण ही गोष्ट जगात फक्त मलाच ठाऊक आहे अशी माझी समजूत होती.

तुम्ही गावाहून इथे परदेशात, वुडलँड्सच्या या फ्लॅटमध्ये आलात तेव्हा सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं आणि तुमचा मुलगा जहाजावर होता. मरीन इंजिनियरशी लग्न करताना मला सगळ्यांनी बजावलं होतं की नवरा सहा-सहा महिने घरी नसेल. सासरे असतील, हे कोणी सांगितलं नव्हतं. मी पुण्याची, माहेरच्या घरात अंडंसुद्धा कधी उकडलं गेलं नाही. तुमचा मुलगा सुट्टीवर आला की हॉकर सेंटरला जाऊन हवं ते खाऊन यायचा आणि दात घासून झोपायचा, असा आमचा समझोता. तुम्ही मालवणकडचे, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, बोलायला कमी. पहिले दहा दिवस तुम्ही सोफ्याच्या कडेला पाहुण्यासारखे बसून राहिलात. अकराव्या दिवशी फिरायला म्हणून गेलात आणि जेट्टी शोधून आलात. समोर दुसऱ्या देशातलं जोहोर, मधे पाणी आणि गळ टाकून कठड्याला टेकलेली माणसं. त्या दिवशी तुमचा चेहरा मी पहिल्यांदा नीट पाहिला असं वाटतं.

मग घरात मासा आला. मी अटी घातल्या: तवा वेगळा, सुरी वेगळी, आणि साफसफाई मागे वॉशिंग मशीनपाशी, खिडकी उघडी ठेवून. तुम्ही सगळ्याला मान हलवलीत. सुरी तर तुमची स्वतःचीच होती, मुलाने जहाजावरच्या इंजिनरूममध्ये जुन्या हॅक्सॉच्या पात्याची बनवून दिलेली, मुठीला दोरा गुंडाळलेली. सकाळी नात शाळेत गेली की तुम्ही जेट्टीवर, आणि मी ऑफिसातून येईपर्यंत तुमचं तिरफळाचं कालवण होऊन, भांडी धुऊन, ओटा कोरडा. तक्रारीला जागा नव्हती. वास मात्र होता, आणि मला तो ऑफिसच्या कपड्यांना, केसांना, अगदी लॅपटॉपच्या बॅगेला येतोय असं वाटायचं. मी मनातल्या मनात धुमसत राहिले. मोठ्यांना उलटून बोलायचं नाही, हे वळण मला होतं. मोठ्यांशी सरळ बोलावं, हे मात्र कोणी शिकवलं नव्हतं.

एका संध्याकाळी घरी आले तर स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, कपडे वाळत घालायच्या बांबूवर, माझ्या दोन शर्टांच्या मधोमध सहा मासे खारवून टांगलेले. तुम्ही नातीला घेऊन खाली खेळायला गेला होतात. तुम्ही परत आलात तेव्हा बांबूवर चारच उरले होते, आणि इथल्या साळुंक्या फार धीट आहेत यावर आपलं दोघांचं एकमत झालं. त्यानंतर कितीतरी दिवस तुम्ही दुपारी खिडकीपाशी स्टूल टाकून, हातात चप्पल घेऊन राखणीला बसायचात. पण त्या संध्याकाळी माझा राग तेवढ्याने शमला नव्हता. मी आवाज शक्य तितका गोड करून म्हटलं, "आप्पा, मला काही नाही हो, पण शेजारच्या आंटींनी वासाची तक्रार केलीय." आंटींनी बिचाऱ्यांनी काहीसुद्धा म्हटलं नव्हतं. तोवर आमचं बोलणं लिफ्टमध्ये हसण्यापलीकडे गेलेलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी लिफ्टमधून बाहेर पडते तो कॉरिडॉरमध्ये काय दिसावं? तुम्ही धुतलेला सदरा घालून आंटींच्या दारात उभे, हातात हा डबा, आणि बाजूला दुभाषा म्हणून आठ वर्षांची तुमची नात. आता हे माफी मागणार, त्या म्हणणार कसली तक्रार, आणि माझं खोटं चव्हाट्यावर येणार. मी खांबाआड उभी राहिले, आप्पा, चोरासारखी. ऐकू काही आलं नाही. आंटी हसल्या एवढं दिसलं, त्यांनी डबा घेतला, आणि तुम्ही दोघं घरात गेलात. मी पाच मिनिटं थांबून, मोबाइलवर बोलत असल्याचं नाटक करत आत शिरले.

तुम्ही कांदा चिरत होतात. वर न बघता म्हणालात, "ती बाय काय उगाच रागावली नाय गो. चूक माझी. तिच्या दारावरसून रोज मासो न्हेतंय, आणि तिचो वाटो देवक नाय." आणि मग, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, तुम्ही लांबलचक बोललात. तुमच्या तरुणपणी शिमग्याच्या दिवसांत गाव शिकारीला निघायचं, दोन दोन दिवस रानात मुक्काम. तीन दगडांची चूल, तिच्यावर भाताचं टोप, रात्री आळीपाळीने शेकोटी राखायची. डुक्कर पडला की आधी वाटे पडायचे, पानांच्या पुड्या करून जमिनीवर मांडायच्या. रान उठवणाऱ्यांचा वाटा, कुत्रेवाल्याचा, आजारी म्हणून घरी राहिलेल्याचा, विधवेच्या घरचा. वाटे झाल्याशिवाय चुलीवर काही चढत नसे. आणि शिकार ज्याच्या दारावरून नेली त्याचाही वाटा, कारण त्याने ती पाहिलेली असते. गावात शाळेचे मास्तर होते, ते मांस खात नसत. त्यांच्या पुडीत रानातून आणलेली करवंदं नाहीतर एखादा फणस. कायदा आला, शिकार थांबली, ते बरंच झालं असं तुम्ही म्हणालात. पण वाटा थांबता कामा नये.

मी सुटले. माझं खोटं त्या वाट्यांच्या गोष्टीत कुठल्या कुठे विरघळून गेलं होतं. आंटींचा डबा दुसऱ्या दिवशी परत आला, त्यात तुमचाच मासा, आलं घालून वाफवलेला, निम्मा. तुम्ही तो खाल्लात आणि म्हणालात की तिखट नाही, पण हात चांगला आहे. तेव्हापासून तुम्ही मासा आणलात की तीन वाटे पडायचे. एक घरचा, एक शेजारच्या दाराचा, आणि तिसरा माझा. माझ्या वाट्याला भेंडी, कधी कांगकाँगच्या पालेभाजीची जुडी, कधी दोन स्टारफ्रूट. मार्केटमधून वाट वाकडी करून आणून ओट्यावर ठेवायचात आणि म्हणायचात, "ह्यो मास्तराचो." माझ्यासाठी कोणी रोज काहीतरी आणतंय, हे मला माहेर सुटल्यापासून विसरायला झालं होतं.

एकदा शिंगाळा माशाचा काटा तुमच्या तळव्यात घुसला आणि हात भाकरीसारखा सुजला. तुम्ही गरम पाण्याच्या बादलीत हात बुडवून वॉशिंग मशीनपाशी बसलात. सिंकमध्ये मासा पडून होता, आणि तो वाया जाणार या काळजीने तुम्हाला हातापेक्षा जास्त दुखत होतं. मी सुरी उचलली. का ते आजही सांगता येणार नाही. तुम्ही सांगत गेलात, आधी काटे छाट, मग पोट, पातं उथळ धर. "घाई करू नको. पित्त फुटाक देव नको." पित्त फुटलंच. हिरवं पाणी बोटांवर आलं आणि मी रडायच्या बेताला आले. तुम्ही म्हणालात, धू, भरपूर पाण्याने धू, सगळ्यांचं पहिलं फुटतं. कडवट झालेला तुकडा तुम्ही स्वतःच्या ताटात घेतलात आणि कालवण बरं झालंय म्हणालात. आंटींच्या डब्यात शेपटीकडचा चांगला भाग घालायला लावलात. मी आजही मासा खात नाही. पण साफ मी करते, कालवणही करते, आणि तुमचा मुलगा घरी जेवून दात न घासता झोपतो. कधीमधी जेट्टीवरही जाते.

तुम्ही गावी परतलात आणि दोन वर्षांनी तिकडेच गेलात. फोन आला तेव्हा तुमचा मुलगा भर समुद्रात होता. मी एकटी निघाले. लेकीची परीक्षा होती, तिला कुठे ठेवू हा प्रश्न मला पडायच्या आत आंटींनी तिची उशी उचलून नेली होती. परदेशात माझं म्हणावं असं एकच दार होतं, आणि ते तुम्ही उघडून दिलेलं होतं.

तर काल त्याच दारात आंटी म्हणाल्या, "तुझे सासरे पहिल्यांदा आले ना, तेव्हा वासासाठी सॉरी म्हणायला आले होते. मी म्हटलं, मी कधीच तक्रार केली नाही, मला तर वास आवडतो. फार सभ्य माणूस, लाह," शेवटी इथल्या सवयीचा 'लाह' जोडून.

मी लेकीला फोन लावला. ती आता आंग मो किओला नोकरी करते. लंच टाइम होता. तिला सगळं आठवत होतं. "ऑफकोर्स आय न्यू, आई. आजोबांनी प्रॉमिस घेतलं होतं." मी विचारलं, काय म्हणाले होते? माझी लेक मराठीसुद्धा अडखळत बोलते, पण हे वाक्य तिने तुमच्याच सुरात म्हटलं, "आईक सांगू नको. तिका लाज वाटात."

संध्याकाळी तुमच्या मुलाला विचारलं, शिकार ज्याच्या दारावरून नेली त्याला वाटा द्यायची पद्धत होती का गावात? त्याने आठवून पाहिलं. विधवेचा वाटा होता, मास्तरांचा होता. "दारावरून नेली म्हणून वाटा? छे, असं कधी ऐकलं नाही बुवा." म्हणजे आंटींच्या दारापासून आपल्या ओट्यापर्यंतच्या दहा पावलांत तुम्ही ती पद्धत घडवलीत, आप्पा. माझी लाज झाकायला. आणि मग स्वतःच घडवलेली ती पद्धत पुढे रोज पाळलीत. मला कोणी आयुष्यात इतकं सांभाळून घेतलेलं नाही, हे मी तुमच्या मुलालाही सांगायला तयार आहे.

आंटींच्या फ्लॅटमध्ये पुढच्या आठवड्यात कोणीतरी नवीन येणार आहे. डबा मी वरच्याच फळीवर ठेवलाय. हे पत्र कुठे पाठवायचं ते मला माहीत नाही, म्हणून ते डब्यात घालून ठेवते. तक्रारीचं तुम्हाला ठाऊकच होतं, तेव्हा त्याची माफी मागण्यात आता फारसा अर्थ नाही. पण तुम्ही चप्पल घेऊन दुपारच्या दुपारी त्या खिडकीत बसलात, त्याचं मला तेव्हाही वाईट वाटायचं. ते दोन मासे साळुंक्यांनी नेले नव्हते, आप्पा. मी ते कचरा थेट खाली जाणाऱ्या शूटमध्ये टाकले होते.