जनरल, मास्तर आणि हार्टविगची जाळी

८ मार्च १९९४

आले! दुपारच्या फेरीबोटीने. दोघांमध्ये चार हातांचं अंतर, आणि सामान मात्र एकाच हातगाडीवर!

नावं कुठेही लिहायची नाहीत, असं ओस्लोहून परराष्ट्र खात्याने बजावलंय. म्हणून एक 'जनरल', सरकारी लष्कराचे. दुसरे 'मास्तर', बंडखोरांचे पुढारी. जंगलात जायच्या आधी शाळेत गणित शिकवायचे. अकरा वर्षं यांच्या देशात यादवी चाललीय. एक एप्रिलपर्यंत तिकडचे रस्ते वाळतात आणि तोफा परत सुरू. त्याआधी यांनी माझ्या जेवणाच्या टेबलावर लढाई मिटवायची!

माझ्याच घरी का? तर आमच्या बेटावर पत्रकार फिरकत नाहीत. आणि सप्टेंबरात निवडणूक हरल्यापासून सॉलफ्रिडबाई (म्हणजे मीच!) रिकाम्याच आहेत — हे कुणी बोललं नाही, पण मला कळतं ना.

गावात सांगितलंय, मत्स्यशेतीचे अभ्यासक आलेत म्हणून.

९ मार्च

शेजारची बोरघिल्ड केक घेऊन हजर. "अभ्यासक होय? त्यातल्या उंच माणसाला कॉड आणि हेरिंग यातला फरक कळत नाही गं! आणि तुझ्या गोठ्यामागे दोन पोलीस लपलेत, त्यांनाही केक देऊ ना?"

म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण गावाबाहेर अक्षर जाणार नाही. आमची माणसं!

१० मार्च

दोघं माझ्याकडे बघून बोलतात, एकमेकांकडे नाही. मी म्हणजे टेनिसची जाळी. भाषा फ्रेंच — त्यांची अस्खलित, माझी देवाघरची. संध्याकाळी मी मोठ्या रुबाबात म्हणाले, "दोन्ही बाजूंनी आपापले युद्धकैदी सोडून द्यावेत." दोघं एकदमच — "बाई, कैदी! तुम्ही मासे विकणारे म्हणालात!"

फ्रेंचमध्ये दोन्ही शब्द सख्खे भाऊच, मी काय करू? चार वर्षं मत्स्यव्यवसाय मंत्री होते, जीभ तिकडेच वळते. पण मास्तरांना हसू आवरेना, आणि जनरलनी रुमालात तोंड लपवलं. पहिलं एकमत झालं — माझं फ्रेंच भिकार आहे.

११ मार्च

कॉफी सतरा कप. प्रगती अर्धं वाक्य.

१२ मार्च

फिसकटलं! कैदी आधी कुणी सोडायचे, यावरून. जनरल म्हणाले, "आधी त्यांनी." मास्तर हळू आवाजात म्हणाले, "मागच्या खेपेला आधी आम्हीच सोडले होते. तुम्ही परत काय पाठवलंत? शवपेट्या. एकोणीस."

जनरल उठले. बॅग भरली. आत्ताच्या आत्ता निघायचं! पण फेरीबोटीचं इंजिन बिघडलंय, सोमवारपर्यंत बंद. गावातल्या सगळ्या बोटी मासेमारीवर. किनाऱ्याला एकच उभी — हार्टविगची.

हार्टविग! माझा थोरला भाऊ. मी मंत्री असताना कॉडची मासेमारी निम्म्यावर आणली. मासा संपत चालला होता, शास्त्रज्ञांचे आकडे माझ्यासमोर होते. आजही तेच करीन. पण त्या वर्षी त्याला स्वतःची बोट विकावी लागली. आता दुसऱ्याची चालवतो. चार वर्षं माझ्याशी बोललेला नाही. उद्या त्याच्याकडे जायचंय.

१३ मार्च

गेले. दारात उभी राहिले. तो बूट घालत होता. मान वर न करता म्हणाला, "या, मंत्रीणबाई. माझी बोट खाल्लीत. आता ही पण हवी?"

"माणूस पलीकडे सोडायचाय, हार्टविग. खूप लोक मरतील रे नाहीतर." खोटंच! माणूस पलीकडे पोचला तर मरतील, हे मला चांगलं माहीत होतं. पण शब्द दिलेला — कोंडून ठेवायचं नाही कुणाला.

लेस आवळत तो म्हणाला, "आधी माझी जाळी. मग तुझा जनरल. चालत असेल तर चला."

धक्क्यावर बघते तर मास्तरही कोट घालून उभे! "हे गेले तर मी इथे भांडू कुणाशी?"

लाटा काय, बाप रे! दोघांनी बोटीच्या एकाच कडेवरून ओकाऱ्या काढल्या. हार्टविगला ना फ्रेंच येतं, ना मुत्सद्देगिरी. "ए, उंच! ओढ! ए, चष्मा! सोडलंस तर बघ!" मी भाषांतर केलंच नाही. गरजच नव्हती. तासभर दोघं खांद्याला खांदा लावून जाळी ओढत होते. पायाशी कॉडचा ढीग.

शेवटचं जाळं आलं, तेव्हा हार्टविगने पलीकडच्या किनाऱ्याकडे बोट दाखवलं. जनरलनी नकारार्थी मान हलवली. परत फिरा.

घरी आल्यावर मासे, त्यांची कलेजी, अंड्यांची गाबोळी — मोठ्या पातेल्यात. मास्तरांनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं आणि पहिल्यांदाच सरळ जनरलशी बोलले. "आधी-नंतर नकोच. नदीवरच्या पुलाच्या मधोमध. एक तुमचा, एक आमचा. एक तुमचा, एक आमचा."

जनरलनी ताटली बाजूला सारली. "आजाऱ्यांपासून सुरुवात," म्हणाले.

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि भरपूर रडले.

१८ मार्च

ओस्लोत सह्या! फोटोत मधोमध परराष्ट्रमंत्री, जणू जाळी त्यांनीच ओढली. मी काठावर. हार्टविगचा फोन! "पेपर बघितला. तुझं कोपर छान आलंय." एवढंच बोलून ठेवला. चार वर्षांनी पहिला फोन!

१ एप्रिल

दिवसभर रेडिओ कानाशी. तोफा नाहीत.

१४ जून

पुलावर २१२ आणि २१२. आजारी आधी. बोरघिल्ड म्हणते, आता गावाला सांगून टाक. म्हटलं, काय सांगू, तुम्हीच मला सांगत होता!

हार्टविग जेवायला आला होता. "माफ केलं असं समजू नकोस," म्हणाला. नको करू. बटाटे घे.

१ ऑगस्ट

सरकारने नेमलं! शांतता-वाटाघाटींची खास दूत. ऑफिस, खुर्ची, दालनाला खिडकी. एकोणसाठाव्या वर्षी! निवडणुकीत मला घरी बसवणाऱ्यांनी पुष्पगुच्छ पाठवला. आवडला, काय लपवू?

२२ सप्टेंबर

तिकडे उठाव. जनरलच्याच हाताखालच्या कर्नलांनी सत्ता घेतली, करार रद्द. जनरल बेपत्ता. खात्यात सगळे हळू बोलतायत. माझा तिकडे फोन लागत नाही. जेवण जात नाही.

२७ सप्टेंबर

सकाळी फोन — मास्तर! सीमेपलीकडच्या एका बंदरातून. जनरल त्यांच्यासोबत आहेत. मास्तरांच्याच माणसांनी पाच दिवस खांद्यावरून आणलं. पायात गोळी आहे. "इथलं सरकार परवा त्यांना कर्नलांच्या हवाली करणार, बाई. मग संपलं."

खात्याला विचारलं. म्हणाले, नव्या राजवटीशी संबंध बिघडतील. तूर्त हालचाल करू नका.

दुपारी राजीनामा टेबलावर ठेवला. उद्या पहिल्या विमानाने जनरलना आणायला निघते. हार्टविग म्हणतो, मीही येतो, उचलायला दुसरा माणूस लागेल.