चिमटीतला माऊस

७ मार्च, रविवार

आज सात वेळा मेलो. सात! पूर्वी किल्लीने मोजून दाखवलं असतं. आज काही लिहिलं नाही तिने, नुसती थांबून राहिली.

सगळं त्या अंगठ्याचं. चाळिसाव्या मिनिटाला बुडातून कळ निघाली ती थेट कोपरापर्यंत. माऊस हातातून सुटला आणि मागून लांडगे आले. आमच्या गेममध्ये दोघंच — पुढची वाट तिने शोधायची, मागचे लांडगे मी टिपायचे. मी पडलो की तिची पाठ उघडी.

रविवारी दहा ते अकरा. आठवड्यातला एवढा एकच तास किल्लीचा, माझ्या मुलीचा. बाकी ती आईजवळ, दुसऱ्या गावी. तीन वर्षं झाली. फोन उचलत नाही. उचललाच तर "हं, हो, ठेवते." गेममध्ये मात्र येते. हाही तास गेला तर काय उरलं? काही नाही.

९ मार्च, मंगळवार

हाताच्या डॉक्टरांकडे. अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजलाय म्हणे. "काम काय करता?" घड्याळं दुरुस्त करतो. "किती वर्षं?" एकतीस. "मग एकतीस वर्षं चिमटा धरलाय तुम्ही. अजून काय होणार? आणि कॉम्प्युटरवर काय करता?"

गेम खेळतो म्हटलं. त्यांनी कागदावर माझं वय बघितलं. मग परत मला बघितलं.

"दोन्हीपैकी एक काहीतरी सोडा."

सोडा म्हणे! यांचं काय जातंय?

१० मार्च

ठरलं. शुक्रवार-शनिवार मनगटी घड्याळ हातात घ्यायचं नाही. भिंतीवरची तेवढी उघडायची. हात रविवारसाठी राखून ठेवायचा. आणि धरायला बरा असा माऊस शोधायचा.

शेजारच्या चावीवाल्याला म्हटलं, चांगला माऊस कुठे मिळेल? तो म्हणाला, "उंदराला सापळा लावा की!" दिवसभर स्वतःच हसत होता. हसू दे.

१३ मार्च, शनिवार

कॉम्प्युटरचं दुकान. काउंटरवर एक चष्मेवाली पोरगी. "काका, धरून दाखवा बघू." दाखवला. "अगंबाई! हा तर तुम्ही चिमटीत धरता!"

खरंच की. तीन बोटांची टोकं, तळवा हवेत. मला कधी कळलंच नव्हतं. घरी येऊन लक्ष ठेवलं — पेन तसाच, चमचा तसाच, दाराची कडीसुद्धा तशीच. सगळं जग चिमटीत धरलंय मी.

तिने हलका माऊस दिला, बोटांवर खेळणाऱ्यांचा. पाठीला भोकंच भोकं, चाळणी नुसती.

१४ मार्च, रविवार

चाळणी कुचकामी! इतकी हलकी की शिंक आली तरी नेम चुकतो. नऊ वेळा मेलो.

हल्ली किल्लीही पडते. पूर्वी कधी नाही. पूर्वी कानात नुसता गोंगाट — "बाबा, तू ना! मागे बघ ना रे!" लहानपणापासून तशीच, कोणीतरी किल्ली देऊन सोडल्यासारखी. म्हणून तर किल्ली. नोव्हेंबरपासून तिचा माईक बिघडलाय. दुरुस्त करायचं नाव नाही. आता नुसतं टाइप करते, तेही मोजून. "थांबायचं." "डावीकडे वळायचं." बाबा नाही, तू नाही, काही नाही. मास्तरीणबाई! शुद्धलेखन तेवढं सुधारलंय — पूर्वी अख्खं वाक्य दोन अक्षरांत उरकायची.

कंटाळली असणार. सतरा वर्षांची पोर. बापाबरोबर लांडगे मारत बसायचं वय आहे का तिचं? मन नाही, म्हणून पडते. कधीतरी येणार नाही. सांगणारही नाही. मी आपला जंगलात उभा.

१६ मार्च

चाळणी परत केली. आता उभा माऊस. हात मिळवल्यासारखा धरायचा. चावीवाला बघून म्हणाला, "चला, कोणाशी तरी हात मिळवलात एकदाचा!"

लागलं. खरं बोलला मेला.

२१ मार्च, रविवार

मनगट खूश, अंगठ्याची बोंब. नेम धरायची वेळ आली की बोटं आपोआप चिमटीत वळतात. बारा वेळा.

शेवटी टाइप केलं — हात दुखतोय, आज पुरे. वाटलं, गेली. मग आलं : "अंगठ्याला मऊ फडकं गुंडाळायचं. त्याआधी कोमट पाण्यात बुडवायचा. आळस करायचा नाही."

अंगठा दुखतो हे मी लिहिलं होतं का? लिहिलं असेल.

२२ मार्च

फडकं गुंडाळलं. जरा बरं वाटलं. उगाचच रडू आलं.

२७ मार्च, शनिवार

पुन्हा दुकान. अंगठ्याने चेंडू फिरवायचा एक माऊस असतो. दोन मिनिटांत डोळ्यांपुढे काजवे! चष्मेवाली वैतागली बिचारी. "काका, मूठ सैल सोडा. तळवा टेकवा. तो कुठे पळून जात नाहीये!"

घरी येईस्तोवर तेच डोक्यात. पळून जात नाहीये.

ती — किल्लीची आई — गेली तेव्हा मी एका लेडीज घड्याळाचा काटा बसवत होतो. डोळ्याला भिंग, चिमट्यात काटा. ती दारात, हातात बॅग. "तुमच्याशी बोलायचं म्हणजे बंद घड्याळाला वेळ विचारायची." मी म्हटलं, एक मिनिट, एवढा काटा बसवतो. बसवला. वर बघितलं तर दार उघडं आणि दारात कोणी नाही. पायरीवर किल्ली, पाठ माझ्याकडे.

काटा मात्र अगदी चोख बसला होता. शरम वाटते लिहायला.

चष्मेवालीने शेवटचा एक दिला. मोठा, फुगीर पाठीचा, पूर्ण पंजा टेकवायचा. आता हा शेवटचा. नाही जमला तर किल्लीला मोकळं करायचं.

२८ मार्च, रविवार

नाही जमला. तळवा टेकवला की नेम चुकतो. चिमटीत धरला की कळ. अकरा वेळा मेलो, चार वेळा तीही माझ्यापायी. तरी तिथेच थांबली. मला उगाच सांभाळून घेते, आणि तेच बघवत नाही.

पुढच्या रविवारी सांगून टाकतो. वाक्य तयार केलंय : "किल्ली, आता यायची गरज नाही. अभ्यास कर." पाच वेळा खोडलं. याहून बरं सुचत नाही.

१ एप्रिल

एकही घड्याळ उघडलं नाही. चावीवाला दोनदा डोकावून गेला. चेष्टा केली नाही.

४ एप्रिल, रविवार

ते वाक्य टाइप करत होतो. "किल्ली, आता" — एवढंच झालं होतं. मागे लक्ष नव्हतं. पडद्यावर अक्षरं आली :

"अहो मागे बघा!"

लांडगे आले. दोघंही पडलो. परत उभे राहिलो.

किल्ली मला अहो म्हणत नाही. मला अहो म्हणणारी जगात एकच.

म्हणजे माईक बिघडलाच नव्हता. म्हणजे नोव्हेंबरपासून माझी पोर आलीच नाही, एकदाही नाही. आणि तिच्या जागी दर रविवारी, दहाच्या ठोक्याला, हिला ना गेम येत ना नेम —

ती गेली नाही. तशीच उभी होती, झाडाखाली. माझा तळवा माऊसवर सपाट पडला होता. कळ नव्हती.

तयार वाक्य खोडलं. लिहिलं — बोल.