कच्च्या संघातली तीन वर्षं

सर, परवा साताऱ्यात डॉक्टरांनी माझ्या मुलीच्या मनगटाचा एक्स-रे उजेडाच्या काचेवर लावला आणि मला जवळ बोलावलं. पेनाच्या टोकानं त्यांनी हाडाच्या शेवटाला एक बारीक काळी रेघ दाखवली. "आई, ही रेघ दिसते ना, इथून हाड वाढतं. वाढ संपली की ती बुजते. हिची अजून बुजलेली नाही." मग त्यांनी तिचे कागद पाहिले, पुन्हा रेघेकडे पाहिलं. "नुसत्या हाडावरून वय नक्की सांगता येत नाही. पण अठरा पूर्ण झालेल्या मुलीचं हे हाड वाटत नाही मला. खरी जन्मतारीख काय हिची?" आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "शाळेत हाय तीच."

ते वाक्य माझं नव्हतं सर. ते आईचं होतं, शब्दाला शब्द. मी शाळेत होते तेव्हाचं: तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसला आहात, पुढ्यात चहाची बशी आहे, मी चुलीपाशी भाकरी थापते आहे. तुम्ही आईला विचारता, "हिची खरी जन्मतारीख सांगा, बाई." आई पदर पुढे ओढते, चुलीकडे बघत म्हणते, "शाळेत हाय तीच, सर." तुम्ही पुन्हा विचारता. आई पुन्हा तेच. तुम्ही चहा तसाच ठेवून उठता. मला तेव्हा वाटलं, ह्यांना मला कायमचं संघाबाहेर ठेवायला काहीतरी निमित्त पाहिजे. चौतीस वर्षं मला तसंच वाटत होतं. परवा त्या काचेसमोर उभी राहिले तेव्हा मी मुलीचं हाड बघत होते की तुम्हाला, हे मला अजून सांगता येत नाही.

तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. आमच्यासारख्या किती पोरी तुमच्या हाताखालून गेल्या असतील, म्हणून मी कोण ते सांगते. कवठे महांकाळच्या बाजूची, तुमच्या मुरमाच्या मैदानावर उजव्या बाजूनं पळणारी, पळताना जीभ बाहेर काढते म्हणून तुम्ही ओरडायचात ती. तुम्ही फौजेतून सुटून आमच्या शाळेत पीटीचे सर म्हणून आलात आणि टँकरचं पाणी पिणाऱ्या गावात पोरींच्या हातात हॉकीच्या स्टिका दिल्यात. लोक हसले. तुम्ही दोन संघ केलेत, एक कच्चा, एक पक्का. पक्का संघ सांगलीला, कोल्हापूरला सामने खेळायला जायचा. त्यातल्या पोरी पुढे मोठ्या संघांत नोकरीला लागायच्या. कच्च्या संघानं मात्र दोन चुन्याच्या रेघांमध्ये चेंडू नेत राहायचं. लांब पळायचं नाही, डोक्यावर ओझं घेऊन मैदान फिरायचं नाही, आठवड्याला एकच सामना. पक्क्यातल्या पोरी आम्हाला कच्चं लिंबू म्हणायच्या.

आणि दर महिन्याला तुम्ही आम्हाला सामानाच्या खोलीच्या दाराशी उभं करायचात, डोक्यावर पट्टी ठेवून खडूनं खूण करायचात. का, ते कधी सांगितलं नाहीत. फौजी माणूस, हुकूम द्यायचा, कारण द्यायचं नाही. आम्हाला वाटायचं सरांना उंच पोरी पाहिजेत. म्हणून मी दर महिन्याला तुमची नजर चुकवून टाचा थोड्या उचलायची. माझी खूण दर महिन्याला वर चढायची आणि तुम्ही दर महिन्याला मान हलवायचात. ज्यांची खूण सहा-सहा महिने जागची हलायची नाही, त्या बुटक्या पोरी पक्क्या संघात जायच्या. मला ते कोडं कधी उलगडलं नाही. डॉक्टरांनी ती रेघ दाखवली तेव्हा उलगडलं. तुम्ही वाढ थांबायची वाट बघत होता, आणि मी टाचा उचलून ती लांबवत होते.

तिसऱ्या वर्षी माझ्या मागून आलेली पोरगी पक्क्यात गेली, तेव्हा मी तुमच्यासमोर स्टिक जमिनीवर टाकली. तुम्ही म्हणालात, "उचल ती. घाई कशाला गं पोरी? हाडं भरू देत की." मी म्हणाले, "हाडं भरायला मी काय म्हस हाय व्हय?" सगळ्या पोरी फिसकन हसल्या. तुम्ही हसला नाहीत. "म्हैस शहाणी असते. बसायचं कळतं तिला," एवढंच म्हणालात. मी मैदानावरून निघाले ती परत आले नाही. त्याच आठवड्यात तुम्ही घरी आला होता.

दाखल्यावर मी सोळाची होते. खरी चौदाची. थोरल्या बहिणीला शाळेत एकटीनं जायला नको म्हणून आईनं मलाही तिच्याच वर्गात घातलं होतं, आणि मास्तरांनी दोघींपुढे एकच वय लिहून टाकलं होतं. एक जून. आमच्या वर्गात निम्म्यांचा जन्म एक जूनचा. दाखल्यावर अठरा पूर्ण झाले त्याच उन्हाळ्यात माझं लग्न लागलं. सगळं कायद्यात बसलं.

आता माझ्या मुलीचं सांगते. तिचे वडील गेले तेव्हा ती चार वर्षांची होती. मी बेदाण्याच्या शेडवर कामाला जायला लागले. अंगणवाडी दुपारीच सुटायची, शाळा पाचपर्यंत चालायची आणि खिचडीही मिळायची. आई म्हणाली, "घाल की शाळंत. तुला बी मी अशीच घातली हुती, काय झालं तुझं?" मी हेडमास्तरांना सांगितलं, सहा पूर्ण. जन्माचा दाखला नंतर आणा म्हणाले, पुढे कोणी मागितला नाही. शाळेच्या कागदावरून आधार झालं, आधारावरून बाकीचं सगळं.

ती चांगली खेळते सर. माझ्यापेक्षा चांगली, आणि जीभ आत ठेवून. साताऱ्याच्या हॉकी वसतिगृहात तिची निवड झाली, गेल्या वर्षी मोठ्या मुलींच्या गटात घेतली. तिथं त्या लोखंडी वजनं उचलतात. आणि आता लीगमध्ये खेळणाऱ्या एका संघानं तिला मागितलं. पाठ दुखते म्हणून त्यांच्या तपासणीत एक्स-रे काढले. मनगटाचा वयासाठी, पाठीचा दुखण्यासाठी. पाठीच्या मणक्याला केसाएवढी चीर आहे. आता सहा महिने थांबली तर भरून येईल, खेळत राहिली तर सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. "कधीपासून दुखतंय?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "दिवाळीपासून." दिवाळीत मीच तिची पाठ तेलानं चोळून दिली होती. म्हणाले होते, एवढं हुतंयच, कुणाला बोलू नको, माझ्यावानी मागं ऱ्हाशील.

बाहेरच्या बाकावर तिनं मला विचारलं, "आई, मी किती वर्षांची हाय?"

असं कुठल्या मुलीला आईला विचारावं लागतं? मी म्हणाले, "सोळा. आखाडात सोळा पुरी झालीस."

"आखाडात कशी? माझा वाढदिवस एक जूनला असतो."

"त्यो मास्तरांनी दिलेला हाय. आख्ख्या वर्गाला."

ती हसायला लागली. "म्हंजे इतकी वर्षं केक कापला त्यो कुणाचा?" मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, "कुणाला सांगू नको. करारावर सही कर. दुखतंय ते माझं दुखतंय."

तिच्या प्रशिक्षक मॅडम चांगल्या आहेत. मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या कपाळाला हात लावून बसल्या. "अहो ताई, अख्खं जग वय कमी करून आणतं. तुम्ही वाढवलंत?" मग त्यांनी मला समजावलं. अठराच्या आतल्या मुलींना तो संघ आधी तयारीच्या संघात ठेवतो. दोन वर्षं. त्यांची उचलायची वजनं वेगळी, सामने मोजके, सोबत शाळा. अठरा पूर्ण असली की थेट मुख्य संघात. "कागद खोटे म्हणून कळवलं तर चौकशी होईल. तिला बाहेर ठेवतील, किती दिवस ते मी नाही सांगू शकत. नाही कळवलं तर पुढच्या महिन्यात ती बायकांबरोबर खेळायला उतरेल, ह्या पाठीनं. बघा. तुम्ही मला काही बोलला नाहीत असं मी समजेन."

टेबलावर कराराचा कागद होता. मी दहावी नापास बाई, पण गावच्या वाचनालयातलं एकही कपाट मी सोडलेलं नाही. तो कागदही मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. तयारीचा संघ हा शब्द त्यात एकदाच होता, आणि तो वाचताना मला तुमचा चुन्याच्या रेघांमधला कच्चा संघ दिसला. मी सही केली नाही. कोरा कागद मागितला.

खरं वय कळवणारा अर्ज दिला. संघानं तिचं नाव काढलं. कागद दुरुस्त झाले, चौकशी पार पडली, तर तयारीच्या संघासाठी पुन्हा बघू, असं म्हणाले. बघू म्हणाले, घेऊ म्हणाले नाहीत. ती वसतिगृहाच्या फाटकापर्यंत सोडायला आली, कमरेला पट्टा होता. मी म्हणाले, माझ्या सरांनी मलाही असंच थांबवलं होतं. ती म्हणाली, "त्यांनी येऊन विचारलं तरी. तू मला कवाच सांगितलं न्हाईस." आणि आत गेली. कराडला गाडी बदलायची होती, मी बसूनच राहिले. शेवटी कंडक्टर म्हणाला, "मावशी, उतरा की, गाडी डेपोत चाललीय."

अर्जात एक ओळ आहे, वसतिगृहाच्या कचेरीतल्या क्लार्कनं सांगितली तशी लिहिली: पालकाच्या नजरचुकीने वय जास्त नोंदले गेले. नजरचूक नव्हती. आणि शेडचं कारण मी आईला सांगितलं, हेडमास्तरांना सांगितलं, परवा मॅडमनाही सांगितलं, वर तुम्हालाही तेच लिहिलं. पण शेडवर बायका पोरं घेऊन यायच्या. मुकादम कधी काही बोलला नाही. माझी पोरगी पहिले आठ दिवस माझ्याजवळ बेदाण्याच्या ढिगापाशी बसली होती. ती दिवसभर बापाला हाका मारायची, रडत नव्हती, नुसत्या हाका, जसा तो शेडच्या मागंच कुठं गेला आहे. मला ते ऐकवेना. म्हणून मी तिला सहाची केली.

हे अर्जात लिहिता आलं नाही. तिलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला लिहिलं, कारण हा कागद कुठं टाकायचाच नाही.