उष्टी हळद येण्याआधी

प्रिय सुयश,

हातानं लिहिलेलं पाकीट बघून घाबरू नकोस, घाबरायचं काम सध्या माझ्याकडे आहे. फोनवर लिहिते आणि पुसून टाकते. शिवाय तुम्हा बहीणभावांत काही लपत नाही, तुझा फोन सारखा कल्याणीताईंच्या हातात असतो, आणि हे त्यांच्याआधी तू वाचायला हवंस.

परवा बस्त्याच्या दुकानात मी तोंडावरची ओढणी काढली नाही. तुझ्या आईंनी विचारलं, पोरीला ऊन लागतं का, आणि मी मान हलवली. ऊन खरंच टाळतेय, पण कारण दुसरं आहे. माझ्या हनुवटीवर केस येतात, राठ आणि काळे. कॉलेजात असल्यापासून. हार्मोन्सचा त्रास आहे, गोळ्या चालू आहेत. साखरपुड्यात तू पाहिलास तो आदल्या दिवशी दोऱ्यानं साफ केलेला चेहरा होता.

लेझर करायचं ठरवलं तेव्हा आधी इथल्याच एका पार्लरमध्ये गेले. एकदाच बसायचं, कायमचे जातील, पार्लरवाली म्हणाली. मशीन कुठलं ते सांगेना आणि त्वचा न बघताच खुर्चीत बसवायला निघाली. माझ्या मैत्रिणीच्या, साक्षीच्या ओठावर अशाच घाईचा काळा डाग आहे. तो आठवला आणि मी चपला शोधत बाहेर पळाले. मग जालन्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे. त्यांनी आधी रक्ताच्या तपासण्या पाहिल्या, सावळ्या त्वचेला कुठलं मशीन चालतं ते समजावलं, कानाखाली जराशा जागेवर करून पाहिलं आणि डाग उठतो का ते बघायला काही दिवस थांबायला सांगितलं. उन्हात जायचं नाही, म्हणून मी कापूस वेचायला जात नाही, आणि नवरी आत्तापासूनच नखरे करून राह्यली असं गावभर झालंय. दोरा बंद, चिमटा बंद, कारण केसाचं मूळ जागेवर असलं तरच ते लेझरला सापडतं. फक्त रेझर चालतो. मी हनुवटीला रेझर लावलेला बघून आई स्वयंपाकघरात जाऊन रडली.

आणि एवढं करून कायमचे जातील असं डॉक्टर म्हणाल्या नाहीत. कमी होतील, मऊ होतील, पण बरेचदा यावं लागेल, लग्नानंतरही. आई म्हणते, "आत्ता बिलकुल सांगू नको, लगीन लागलं की मंग बघू." नाहीतर एकदाच दोरा फिरव म्हणते, म्हणजे केलेलं सगळं वाया. मला दोन्ही जमत नाही. जेवण जात नाही, आरशासमोर उभं राहवत नाही.

भीती कशाची ते सांगते. लग्नाच्या आदल्या दिवशी तुमच्याकडून उष्टी हळद येईल. तुझ्या अंगाला लागलेली ती हळद कल्याणीताई माझ्या गालाला लावतील, बोटं खाली हनुवटीवर येतील आणि तिथे थांबतील. हळद रंग झाकते, केसांचे खुंट झाकत नाही. मांडवातल्या सगळ्या बायका ताईंच्या तोंडाकडे बघत असतील. त्यांना थांबव असं मी म्हणत नाही. पण लग्नाला नको म्हणायचं असेल तर तुला मांडव उभा राहण्याआधी म्हणता यावं, आणि नसेल म्हणायचं, तर त्यांची बोटं थांबतील तेव्हा तुला हे आधीच माहीत आहे एवढं मला ठाऊक असावं, म्हणून हे पत्र लिहिलं.

इथे 'तुझीच' लिहिणार होते. ते तुझं उत्तर आल्यावर लिहीन.

तृप्ती