पालकाचा रकाना

प्रिय भिंगरी,

पत्र छापील आहे म्हणून दचकू नकोस, माझ्यावर कोणी खटला भरलेला नाही. हे मी बोलले आहे आणि टॅबने लिहून घेतलं आहे. पाळणाघरातल्या जुळ्यांच्या बापाचं छपाईचं दुकान आहे, तो संध्याकाळी पोरांना न्यायला आला की त्याच्याकडून कागदावर काढून घेणार. त्याने वाचलं तर वाचलं, तेवढीच त्याच्या डोक्यात भर. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर माझी दोन वाक्यं झाली की मध्ये तुझी चार येतात. पत्रात नातीला आजीच्या मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

तर बातमी अशी की आपल्या त्या ऑनलाइन वर्गाने कात टाकली. पाळणाघराचा परवाना टिकवायचा तर प्रमाणपत्र आणा, असं फर्मान आलं तेव्हा मी किती थयथयाट केला होता ते तुला ठाऊक आहे. उभा जन्म दुसऱ्यांची पोरं पुसली, भरवली, निजवली, आणि आता तिसरीत शाळा सोडलेल्या बाईने परीक्षा द्यायची. तेव्हापासून दर शनिवारी तू बसने येतेस, पोरांच्या त्या बुटक्या खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून बसतेस, मला धडा वाचून दाखवतेस, मी बोलते ते टाइप करतेस आणि त्यातल्या शिव्या गाळतेस. तू नसतीस तर माझा गाशा पहिल्याच धड्याला गुंडाळला असता. हे एकदाच म्हणते आहे, नीट ऐकून घे.

आता मात्र सगळंच बदललंय. धड्यावर कानाचं चित्र आहे, ते दाबलं की एक बाई धडा वाचून दाखवते. आवाज असा इस्त्री केलेला की हिच्या पदरात कधी पोर ओकलं नसावं. भराभर बोलायला लागली की खाली कासव आहे, ते दाबायचं, मग मुकाट्याने हळू बोलते. तुला इतकी वर्षं हळू बोल म्हणून सांगते आहे, तुला असलं कासव कुठे बसवायचं ते मला अजून सापडलेलं नाही. उत्तरंही टाइप करायला नकोत. लाल गोळा दाबायचा आणि बोलायचं. जेवणवेळच्या शिस्तीवरचं माझं उत्तर चालू असताना थोरल्या जुळ्याने बोट नाकात घातलं, त्याला मी जे सुनावलं ते सगळं उत्तरात गेलं. वर्गाच्या मास्तरीणबाईंनी ऐकून कळवलं की उत्तर अर्धंच झालंय, पण शिस्त पूर्ण दिसली. मार्क दिले. बाई बरी आहे.

पूर्वी मध्येच कोणी रडलं, कोणी ओलं केलं, की मी उठायची आणि परत येईपर्यंत धडा पहिल्यापासून सुरू. मग तू फ्रिजवर चिठ्ठी लावून ठेवायचीस, कुठवर आलो त्याची. आता जिथे सोडला तिथेच उघडतो. नेट गेलं तरी चालतो, सकाळी उतरवून ठेवायचा. रेंजसाठी खिडकीबाहेर फोन धरून तुला उभं राहायला नको, समोरचा शिंपी आता कोणाकडे बघणार कोण जाणे. पासवर्डची कटकटही गेली. आधी बोटाचा ठसा मागत होतं, पण माझे ठसे लंगोट धुण्यात कधीच झिजले. मग चेहरा घेतला. कवळी नसली की मला ओळखत नाही, त्याबद्दल त्याला दोष देत नाही, मीही ओळखत नाही.

आणि एक कबूल करायला जीभ अडते, तरी सांगते. तान्ह्याच्या घशात काही अडकलं तर काय करायचं, तो धडा मी कासवावर टाकून पुन्हा पुन्हा पाहिला. मी आजवर पोराला पाय धरून उलटं करत आले. तसं करायचं नसतं. हातावर पालथं घ्यायचं, डोकं जरा खाली, मानेला आधार, आणि दोन खांद्यांच्या मधोमध थापा द्यायच्या. बाहुलीवर करून त्याचा व्हिडिओ पाठवला. जुना वर्ग नुसतं 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणायचा आणि आपण दोघी चूक शोधत बसायचो. आता मास्तरीणबाईंनी माझ्याच व्हिडिओवर, माझ्या कोपराभोवती लाल गोल काढून दिला. कोपर मांडीवर टेकवलं, आणि पास झाले. शिवाय एक चर्चेची जागा आली आहे, दुसऱ्या पाळणाघरवाल्या बाया तिथे बोलतात. एकीशी माझं चोखणीवरून वाजलं आहे. तिचं साफ चूक, पण बाई चिवट. सकाळी डोळे उघडले की आधी तिचं उत्तर आलं का ते बघते. हल्ली झोप बरी लागते आणि जेवणही जातं.

नवं खातं उघडताना एक घोळ घातला तेवढा. कोण शिकणार म्हणून दोन चित्रं होती, मी लहान मुलीच्या चित्रावर बोट ठेवलं. वाटलं, पाळणाघराचं ते असेल. तेव्हापासून धडा संपला की पडद्यावर फुगे उडतात आणि एक हत्ती टाळ्या वाजवतो. पोरं तर हत्तीसाठी माझ्यामागे लागतात, आजी अभ्यास कर म्हणून. मास्तरीणबाई म्हणाल्या, आजी, बदलून देते. मी म्हटलं, राहू द्या. का, ते पुढे सांगते.

तुझ्या आईच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तुला माहीत असायला हवं होतं. परवा कपड्यांच्या घड्या घालता घालता बोलून गेली. त्या लांबच्या मोठ्या दवाखान्यात तुझी निवड झाली आहे. दोन वर्षं शिकवणार, कापलेल्या पायांच्या माणसांना परत चालवायचं ते काम, ज्याच्यासाठी तू एवढी घासलीस. आणि तू नकार लिहून ठेवला आहेस, फक्त धाडलेला नाही. कारण काय, तर "घरच्या अडचणीमुळे येऊ शकत नाही." मी हिशेब केला. तुझी आई धडधाकट, बाप कामावर, घर आहे तिथे उभं आहे. म्हणजे अडचण मीच. मला लोकांनी पुष्कळ नावं ठेवली, पण हे नवीन आहे.

म्हणून वरचं सगळं पुराण. वाचायला बाई आहे, लिहायला लाल गोळा आहे, चूक दाखवायला मास्तरीण आहे, भांडायला चोखणीवाली आहे. उरलेले धडे माझे मी करते. तो नकार फाड आणि येते म्हणून कळव. या शनिवारी येऊ नकोस, बॅग भर. बुटकी खुर्ची मी पोरांना परत दिली आहे. आता तो घोळ मी का ठेवला ते ऐक. लहान मुलीच्या खात्यात पालकाचा रकाना असतो. दर रविवारी पालकाला अहवाल जातो, मूल या आठवड्यात किती शिकलं त्याचा. तिथे मी तुझा ईमेलचा पत्ता घातला आहे. अहवाल आला की समजायचं, म्हातारी जागेवर आहे, आणि आपल्या कामाला लागायचं. नाही आला तर फोन कर. आणि तुझ्या त्या नव्या ठिकाणी असला एखादा रकाना असेल, तर तिथे माझा नंबर घाल.

तुझीच,
घरची अडचण