बेस थांबल्यावर

६ जानेवारी

पोचलो एकदाचे! नांदेडहून नऊला निघालो, लातुरात जेवलो आणि तिथून औशाच्या बाजूला आत आत येत अमृतरावांच्या फार्महाऊसवर चारला टेकलो. गाडीत मागे माझी माइकची पेटी, लॅपटॉप आणि केबलची भेंडोळी, पुढे मुग्धा. लग्नाला सहा वर्षं झाली, पण कामावर तिला पहिल्यांदाच सोबत आणलंय. दोन आठवडे हवापालट, वर हुरडा फुकट.

ही वहीसुद्धा तिनंच दिली. मी नुसते आकडे लिहून ठेवतो, माणसासारखं काही लिहीत नाही, अशी तिची तक्रार आहे. तर माणसासारखं लिहितो. मी रेणुकादास. पैसेवाले लोक घरात थिएटर बांधतात, त्याचा आवाज मी जुळवून देतो. माझी बायको नऊ वर्षांची असताना तापात दोन्ही कानांनी बहिरी झाली. आवाजवाल्याची बायको बहिरी, यावर नातेवाईक जे विनोद करतात ते सगळे आम्ही दोघांनी आधीच करून टाकलेत.

अमृतरावांची लातुरात डाळमिल आहे, पण मूळ गाव हेच. त्र्याण्णवच्या भूकंपात गाव पडलं, सरकारनं तीन किलोमीटरवर नवीन वसवलं आणि जुन्या जागेवर बाभळी माजल्या. त्या बाभळी काढून त्यांनी हा बंगला उठवलाय. थिएटर तळघरात आहे. वीस तारखेला वास्तुशांत, त्याच्या आत मला काम उरकायचंय.

राखणदार शेषेराव काका नव्या गावातून सायकलवर येतात. साठी उलटलेली, पण माणूस काटक. त्यांनी मुग्धासाठी शेकोटीजवळ पोतं अंथरलं आणि कोवळी कणसं निवडून निवडून भाजली. तिला इतकं हसताना बऱ्याच दिवसांनी पाहिलं. आमची सोय बाहेरच्या दोन खोल्यांत केलीय, पाणी गरम मिळतं. सुखी आहे मी.

७ जानेवारी

तळघर पाहून तोंडात बोटं घातली. चार सबवूफर, म्हणजे नुसता बेस, खालचा घुमणारा आवाज काढणारे स्पीकर, एकेक हौदाएवढा. बारा खुर्च्या, मागची रांग फूटभर उंच लाकडी ओट्यावर, ओट्यात वाळू भरलेली. अमृतरावांनी फोनवर बजावलं की पाहुण्यांची छाती हलली पाहिजे.

लोकांना वाटतं, बेस तपासायचा म्हणजे धडाम करणारा सीन लावायचा. धडाम कुठलाही डबा वाजवतो. मी तीन सीन निवडतो. पाणबुडी बुडत जाते आणि तिचा पत्रा कण्हायला लागतो, तो एक. बेस किती खाली उतरतो ते त्यावरून कळतं. दुसरा बोगदा खोदणाऱ्या अवजड यंत्राचा. पाच मिनिटं एकसारखी घरघर, म्हणजे बाराही खुर्च्यांवर सारखा पोचतो का ते बघता येतं. तिसऱ्यात तिजोरीचा प्रचंड दरवाजा लागतो आणि एकदम शांतता होते. हा सगळ्यात महत्त्वाचा, कारण बेस चांगला की वाईट हे तो थांबताना समजतं. रेंगाळला की वाईट.

आज गंमत म्हणून मुग्धाला जमिनीवर तळहात ठेवायला लावला. बेस जिथं जिथं कमी पडतो अशी माइकनं दाखवलेली प्रत्येक जागा तिनं माझ्याआधी सांगितली. वीस हर्ट्झच्या खाली माझे कान संपतात, तिचा तळहात तिथून सुरू होतो. इतकी वर्षं मला हे सुचलं कसं नाही? आता सीन तिच्याच हातानं निवडायचे.

८ जानेवारी

मुग्धा म्हणते, बेस थांबत नाही. दरवाजा लागतो, पडदा काळा होतो, मागच्या रांगेखाली मात्र काहीतरी चालूच राहतं. माइकवर काही दिसत नाही. मी भिंतीच्या फळ्या ठोकल्या, खुर्च्यांचे नट आवळले, छताचे दिवे काढले. शेवटी वैतागून तिला म्हटलं की तुझ्या हाताला मुंग्या आल्या असतील. मग आमचं भांडण. खुणांनी भांडलं की दंड दुखतात, हे कानवाल्यांना सांगून कळायचं नाही.

९ जानेवारी

आज तिला सांगितलं, तुला जमिनीत जे जाणवतं तेच माझ्या गुडघ्यावर थापून दाखव. तिजोरीचा सीन झाल्यावर तिनं तीन थापा दिल्या. थांबली. परत तीन. पाणबुडीनंतर थोड्या जास्त. यंत्राचा सीन बंद केल्यावर मात्र तिचा हात थांबेचना.

मी वर जाऊन बंगल्याचा मेन स्विच पाडला. टॉर्च घेऊन खाली आलो तर ती तशीच गुडघ्यावर बसलेली, एक हात जमिनीवर, दुसऱ्यानं माझ्यासाठी हवेत थापा मारत. तीन, मग तीन. मी हसलो. ती हसली नाही.

११ जानेवारी

शेषेराव काकांना विचारलंच. आल्यापासून बघतोय, ते तळघराच्या जिन्यावरूनच परत फिरतात. खाली का उतरत नाहीत, खाली काय आहे. आधी म्हणाले काही नाही. मग चुलीजवळ बसून बोलले ते असं.

भूकंपानंतर मलबा उपसायला यंत्रं आली. यंत्राच्या घरघरीत काही ऐकू येत नसे, म्हणून थोड्या थोड्या वेळानं सगळी बंद करायची आणि सगळ्या माणसांनी जमिनीला कान लावायचा. आतले लोक दगडानं दगडावर ठोकत. यंत्र बंद झालं की ते जास्तच ठोकत, कारण त्यांना वाटे वरची माणसं निघून गेली. काकांची बहीण सिंधू दोन दिवस ठोकत होती. तिसऱ्या दिवशी यंत्र दुसऱ्या गल्लीत नेलं.

“म्या वरून वरडून सांगितलं, येतो म्हणून,” काका म्हणाले. “तिला काय ऐकू जातंय? तिला निस्ती घरघर कळायची. ती घरघर बी लांब लांब गेली.”

तिची गल्ली कुठली, ते मी विचारलं नाही. त्यांनी बंगल्याकडे पाहिलं तेवढं पुरे झालं.

मुग्धानं हे सगळं त्यांच्या ओठांवरून वाचलं. तिच्याकडे माझं लक्ष नव्हतं. लक्ष द्यायला हवं होतं.

१२ जानेवारी

सामान भरलं. अमृतरावांना काहीतरी थाप मारायची आणि निघायचं, असं ठरवलं. मुग्धा गाडीत बसेना. तिनं मोबाइलवर लिहून माझ्यापुढे धरलं: “तू सीन लावलास, त्यांना वाटलं यंत्र आलं. बंद केलास, वाटलं गेलं. आठवडाभर आपण हेच करतोय त्यांना.”

मी म्हटलं, ते लोक मेलेत, तीस वर्षं झाली. तिनं लिहिलं: “मग ठोकतंय कोण?”

मी सामान परत खोलीत नेऊन ठेवलं.

१३ जानेवारी

सकाळी ती अंथरुणात नव्हती. खाली गेलो तर मागच्या खुर्च्या बाजूला ओढलेल्या, ओट्याच्या फळ्या निघालेल्या आणि वाळूचा ढीग पडद्यापर्यंत. ओट्याखाली कंत्राटदारानं कोबा केलाच नव्हता. नुसती काळी माती आणि घरांचे दगड. ती कुदळीनं खणत होती. मी कुदळ हिसकावली, तिनं हातानं उकरायला सुरुवात केली. नखं फुटली तरी थांबेना.

तिला मिठी मारून धरलं तेव्हा ती ओरडली. तिचा आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता. तो असा ऐकायला नको होता.

मला भीती वाटते. खालच्यांची नाही. तिची.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ तसाच पुडीत आहे.

यंत्राचा सीन चालू ठेवला तर ती शांत बसते, जेवते, माझ्याकडे बघते. बंद केला की खड्ड्यात. म्हणून तो सीन पुन्हा पुन्हा लागत राहील असं करून ठेवलंय. सकाळपासून चालूच. छताची धूळ गळतेय. डोकं फुटायला आलंय, पण ती जेवली. तेवढं पुरे.

नांदेडला राघवेंद्रला, तिच्या भावाला, फोन केला. परवा येतो म्हणाला. उद्या ये म्हटलं तर म्हणाला, दाजी, असं काय झालं ते तरी सांगा. काय सांगू?

१५ जानेवारी

दुपारी चालू सीनमध्येच जमिनीवर हात ठेवून पाहिला. घरघर. बाकी काही नाही. मग मिनिटभरच बंद केला.

तीन.

माझ्या तळहाताला लागलं. खालून.

लगेच चालू केला. मुग्धानं माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही, कीव आल्यासारखं. आता सीन चालू असतानाही ती खणते, पण सावकाश; खड्डा तिच्या खांद्याएवढा झालाय. मीही दोन घमेली माती उपसली. का उपसली — माहीत नाही. ती एकटी खणत होती म्हणून.

१६ जानेवारी

सकाळी साडेदहा. मी काय केलं. मी काय करून बसलो.

राघवेंद्रचा फोन आला, वाट चुकला. बंगल्यापाशी आवाज तुटत होता, त्याला सांगायला रस्त्यापर्यंत गेलो. ती खड्ड्यात होती. सीन चालू होता. मीच चालू ठेवून गेलो, ती शांत राहावी म्हणून. दहा मिनिटं. फक्त दहा मिनिटं.

आलो तर खड्डा नाही. कडा ढासळली. वाळू, माती, दगड सगळं आत. ओट्याची फळी वर आलेली अर्धी. सततच्या बेसनं माती सुटली. माझ्या बेसनं.

मुग्धा आत आहे.

पावणेअकरा. हातानं जमत नाही, काढलं तेवढं परत घसरतं. शेषेराव काका जिना उतरून आले, माझ्याबरोबर उपसतायत. रस्त्याच्या कामावर जेसीबी आहे, राघवेंद्र पोचला तो तसाच आणायला गेलाय. बाहेरून खणून, भिंत फोडून त्याचा पंजा आत घालायचा. पण एकदाच घालता येईल, चुकीच्या जागी घातला तर सगळंच खाली येईल. म्हणून लिहितोय. कुठल्या खुर्चीच्या जागी हाताला काय लागतं त्याची नोंद हवी. फळी तिच्यावर आडवी असेल तर हवा असेल. असेल. असणारच.

सव्वाअकरा. जेसीबी आला. काका म्हणतात, सीन बंद करा.

मी नाही म्हटलं. तिला हाक ऐकू येत नाही. माझ्याकडून तिच्यापर्यंत पोचणारं एवढंच आहे. बंद केलं तर तिला वाटेल मी —

“बंद केल्याबिगर कुटं हाय ते कसं कळंल?” काका हात जोडून म्हणतात. “म्या तवा चुकलो. तुमी चुकू नका.”

साडेअकरा. जेसीबीवाल्यानं इंजिन बंद केलं. सगळे गप्प. मी रिमोट धरून बसलोय. मुग्धा, मी जात नाहीये. फक्त ऐकायला थांबवतोय. हे तुला कसं सांगू —

बंद केला.

आलं! ठोकलं. मागची रांग, तिसरी खुर्ची. जोरात. जिवंत आहे. मुग्धा जिवंत आहे —

तिसरी खुर्ची, सांगतो त्यांना —

पाचवीखालीही.

पडद्याकडूनही. जिन्याखालून. डाव्या भिंतीतून. काका भिंतीला दोन्ही हात लावून उभे — रडतायत — सगळीकडून. सगळेच ठोकतायत. सारखंच. जोरात सगळेच —

यातली कुठली तिची. मला ओळखता येत नाही. माझ्या बायकोची मला —

बाकीच्यांनी थांबा. जरा थांबा. पाया पडतो तुमच्या, आधी तिला —